सीलबंद बाटलीतलं एक टोपण

मैत्रिणींनो, दुपारच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की बारामतीच्या दुकानदारानं मला कमी भरलेली बाटली दिली. ते चूक होतं. त्यांची मनापासून माफी मागते.

परवापासून ऑफिसला नाताळची सुट्टी, म्हणून सरांसाठी ऐनवेळी भेट घ्यायला गेले होते. वाईन घ्यावी की व्हिस्की, काही कळेना. शेवटी रम घेतली, कारण आमचे आजोबा, आबा, तीच घ्यायचे. स्टँडवर पाहिलं तर बाटली टोपणभर कमी. रागानं पोस्ट टाकली आणि परत गेले.

"ताई, सील हाय का न्हाय? मग मी काय सुईनं पिलो व्हय?" दुकानदार म्हणाले. तरी त्यांनी दुसरी दिली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती, आम्ही दोघांनी पाहिली.

आमच्या गावी, कळसला, घरी येऊन पिशवीतून काढली. सील तसंच होतं. पुन्हा टोपणभर कमी.

आईनं बाटली उजेडात धरून पाहिली. हळूच म्हणाली, "आबांचं टोपण कुणी वतलंच न्हाय ना गं."

आबा पहिलं टोपण नेहमी शेताच्या बांधावर, गेलेल्या माणसांच्या नावानं ओतायचे. "माझ्यामागं तू वतशील ना?" असं त्यांनी मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. ते जाऊन तीन वर्षं झाली. दारूच्या दुकानात जायची लाज वाटायची, म्हणून गेले नाही. सरांसाठी मात्र गेले.

तुमच्याकडेही असं कुणी वाट पाहत असेल का?

सरांना उद्या पेढे देईन. बाटलीचं सील बांधावरच फोडणार आहे, येत्या शनिवारी सकाळी.