चारशे बासष्टचं गोत्र

माझी पोस्टिंग एटी कंपनीत झाली. एटी म्हणजे अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्ट. डोंगरात जिथे गाडीचा रस्ता संपतो, तिथून पुढे लष्कराचं सामान खेचरं नेतात. खेचराचा दोर धरून चालणाऱ्या जवानाला आमच्याकडे ड्रायव्हर म्हणतात. वाघोलीचा संपत भरती झाला तेव्हा त्याच्या वडिलांनी गावात पेढे वाटले आणि सांगितलं, पोरगा मिल्ट्रीत ड्रायव्हर झाला. पहिल्या सुट्टीत लोकांनी विचारलं, गाडी कुठली? संपत म्हणाला, "चार पायांची."

मी मांजरीचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. वडील दुसऱ्याच्या उसात राबले. मी हडपसरला बी.ए. केलं आणि मग भरती झालो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. कंपनीत त्याचा उपयोग एवढाच झाला की संपत मला बी.ए. म्हणायला लागला. लीद उचलायची पाळी माझी असली की तो खेचरांच्या लाइनच्या टोकावरून हाक मारायचा, "बी.ए. साहेब, पेपर आलेत तपासायला." पुढे मी हवालदार झालो, तो नाईक झाला, तरी हाक तीच राहिली.

पहाटे ०५००ला लाइन उघडायची. ०५१५ला पाणी. पाणी आधी जनावराला, मग माणसाला. हा नियम कुठे लिहिलेला होता की नाही मला माहीत नाही, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. थंडीत नाल्यावरचा बर्फ फोडून बादल्या भरायच्या. अठरा खेचरं पिऊन होईपर्यंत चहाचा मग कोणी हातात घ्यायचा नाही. मग खरारा, खुरांची तपासणी, दाणा. एखादा नवीन जवान कुरकुरला की शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "तुम बोल सकते हो. वो नहीं."

खेचरांना नावं नसतात. खुरावर नंबर डागलेला असतो, आमच्या तोंडी तेच नाव. संपतचं जनावर चारशे बासष्ट. तपकिरी रंग, डावा कान फाटलेला. खेचराला पोर होत नाही. गाढव आणि घोडी यांच्यापासून ते जन्मतं आणि त्याचा वंश त्याच्यापाशीच संपतो. संपतचंही लग्न जमत नव्हतं. ड्रायव्हर म्हटलं की मुलीकडचे खूश व्हायचे, गाडीचं विचारून झालं की गप्प व्हायचे. खरारा करताना तो चारशे बासष्टला म्हणायचा, "तुझं नि माझं सारखंच हाय, बाबा."

त्या दिवशी आम्ही ०६३०ला निघालो. आठ खेचरं, आठ ड्रायव्हर, आणि डिटॅचमेंट कमांडर मी. वरच्या पोस्टवर रॉकेल आणि रेशन पोचवायचं, रिकामं परत यायचं. असं आम्ही त्या महिन्यात दहा-बारा वेळा केलं होतं. ०९५०ला पोस्टवर पोचलो. तिथे एक जवान आजारी होता. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, तो प्रकार. ओठ निळे पडले होते. ढग खाली उतरलेले, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. अशा वेळी इलाज एकच, पेशंटला लवकर खाली नेणं. सगळ्यांत शांत चालीचं जनावर चारशे बासष्ट. १०२०ला आम्ही त्या जवानाला त्याच्या खोगिराला दोन पट्ट्यांनी बांधलं आणि उतरायला लागलो.

११२५ला एका वळणावर वाट खचली. डाव्या हाताला उभा कातळ, उजव्या हाताला उतार, खूप खाली नाला. चारशे बासष्टच्या मागच्या पायांखालची कड सुटली. मोठा आवाजही झाला नाही. मागचे दोन्ही पाय हवेत गेले आणि पोट कडेवर टेकलं. आता ते जनावर पुढच्या दोन पायांवर आणि छातीवर अडकलं होतं, आणि पाठीवर माणूस बांधलेला होता.

ज्यांनी जनावर सांभाळलेलं नाही त्यांना इथे एक सांगायला हवं. मागचे पाय सुटले की जनावर लाथा झाडतं. कितीही शिकवलेलं असो, झाडतंच. तो त्याच्या शरीराचा धर्म आहे. आणि त्या जागी एक लाथ झाडली असती तर जनावर आणि पेशंट दोघंही नाल्यात गेले असते.

चारशे बासष्ट हललं नाही.

संपत त्याच्या तोंडाशी उभा होता. दोराचा एक वेढा मनगटाला. तोंडाने नुसतं "हो, हो" चाललेलं. जनावराची नजर त्याच्यावर. मानेवर घाम, गुडघे थरथरत होते, खूर मात्र जागेवर. मी आणि आणखी एका ड्रायव्हरने पालथं पडून पट्टे कापले आणि पेशंटला काखेत धरून ओढून घेतलं. सात मिनिटं लागली. घड्याळ पाहिलं, कारण रिपोर्ट मलाच द्यायचा होता. नंतर मी पुष्कळ शूर माणसं पाहिली. त्या सात मिनिटांसारखं काही पुन्हा पाहिलं नाही.

मी कंपनीशी बोलायला रेडिओ घेतला.

"पेशंट सेफ. जानवर अटका है. ओव्हर."

"जानवर छोड दो. सब लोग पीछे. ओव्हर."

"रोजर."

मी म्हणालो, "संपत, दोर सोड. ऑर्डर आहे."

"खोगीर कापतो. वझं गेलं की चढंल ते."

"सोड म्हणतो ना."

"बी.ए., एक मिनिट."

तो वाकला आणि पोटपट्ट्याखाली सुरी घातली. पट्टा तुटलेला मी पाहिला. खोगीर खाली गेलं. जनावराने पुढचा एक पाय उचलून वर रोवला. ते चढत होतं. आणि सगळी कडच गेली.

११४१ला मी पुन्हा रेडिओ घेतला.

"कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कितने? ओव्हर."

"दो."

"दो जवान? कन्फर्म करो. ओव्हर."

"एक जवान. एक जानवर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "तो एक बोलो. ओव्हर."

"रोजर. एक."

समोरच्याची चूक नव्हती. त्याला स्ट्रेचर किती पाठवायची ते ठरवायचं होतं. पण "एक" म्हणालो मी, आणि तो शब्द माझ्याकडेच राहिला.

तिसऱ्या दिवशी दोघं नाल्यात सापडले. दोर संपतच्या मनगटाला होता. संपतला तिरंग्यात वाघोलीला आणलं. चारशे बासष्टला आम्ही तिथेच पुरलं, वर दगड रचले. पेशंट वाचला. त्याला आज दोन मुली आहेत.

संपतच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांना मी रिपोर्टात होतं तेवढंच सांगितलं, ड्यूटीवर असताना वाट खचली. ऑर्डरबद्दल बोललो नाही. पण सुट्टीवर आलेल्या कोणाच्या तरी तोंडून अर्धीमुर्धी हकिकत गावात पोचली आणि लोक म्हणायला लागले, संपत खेचरापायी मेला. अण्णांनी मला एकदाच विचारलं, "दावं सोडलं असतं तर घरी आला असता. माणूस मोठा का जनावर?" बी.ए.च्या कुठल्याच पेपरात हा प्रश्न आला नव्हता. त्यानंतर अण्णांनी माझ्यासमोर संपतचं नाव काढलं नाही.

मी रिटायर होऊन मांजरीला आलो. संपतला मूलबाळ नाही, म्हणून त्याचं श्राद्ध अण्णाच करतात. अपघातात किंवा शस्त्राने गेलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी असते. दरवर्षी मी जातो, जेवतो, परत येतो. यंदा ठरवून गेलो की सगळं सांगायचं. अण्णांनी घराबाहेर काढलं तरी चालेल.

अण्णा आता सातव्या मजल्यावर राहतात. त्यांच्या रानावरच ती इमारत उभी आहे. लिफ्टमध्ये सोसायटीची सूचना होती : पितरांची पानं गच्चीवर ठेवू नयेत, कबुतरं होतात. अण्णांनी ती मला वाचून दाखवली आणि म्हणाले, "कावळ्याचा मान हाय, कबुतराचा न्हाई. हितंबी रँक हाय, हवालदार."

गुरुजी उशिरा आले. हेल्मेट काढत म्हणाले, "नगर रोडला पाऊण तास उभा होतो. पितर माझ्या आधी पोचले असतील." पाट मांडला, दर्भ, काळे तीळ, ताम्हन मांडलं. अण्णा बसले. गुरुजी सुरू करणार तेवढ्यात मी म्हणालो, "गुरुजी, आणखी एकाला पाणी द्यायचं आहे. संपतबरोबर गेलेला."

"द्या की. नाव सांगा."

"चारशे बासष्ट."

गुरुजी सवयीने म्हणाले, "गोत्र?" आणि थांबले. "हे कोण?"

"खेचर."

अण्णांनी हातातली पळी खाली ठेवली. "गुरुजी, तुमीच सांगा याला. माणूस मोठा का जनावर?"

"शास्त्रात चौऱ्याऐंशी लक्ष योनी सांगितल्यात," गुरुजी म्हणाले. "त्यांत नरदेह दुर्लभ."

"झालं तर मग."

"पण दुर्लभ कशासाठी तेही ऐका, अण्णा. आज आपण ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना पाणी देतो. ज्यांना मूल नाही, ज्यांना पाणी द्यायला कोणीच नाही, त्यांनाही. ही पळी धरून दुसऱ्याला पाणी देणं एकट्या माणसाला जमतं. मला विचाराल तर मोठेपणा तेवढाच."

मी तिथेच, पाटाच्या बाजूला उभा राहून सगळं सांगितलं. वेळेसकट. दोर सोड म्हणालो तेही, आणि रेडिओवर दोनाचं एक केलं तेही.

अण्णांनी आयुष्यभर बैल राखले. त्यांनी ऑर्डरबद्दल काहीच विचारलं नाही.

"मागलं पाय सुटलं व्हतं?"

"दोन्ही."

"अधांतरी?"

"हो."

"लाथ न्हाई झाडली?"

"नाही."

"पाठीव माणूस बांधल्याला. आन् किती येळ?"

"माणूस उतरवेपर्यंत सात मिनिटं. पुढेही, शेवटपर्यंत."

अण्णांनी ताम्हन पुढ्यात ओढलं. "माझा खंड्या बैल इहिरीच्या काठाला असाच अडकला व्हता," ते म्हणाले. "चौघं धरून व्हतो. लाथा झाडत झाडत गेला आत. पोरावानी वाढवल्याला बैल. मी त्याला बोल लावत न्हाई, त्याला त्याचा जीव कळला." मग माझ्याकडे पाहिलं. "ह्याला पाठीवरचा कळला रं."

इतक्या वर्षांपूर्वी जे पाहिलं ते काय होतं, हे मला त्या म्हाताऱ्याने एका वाक्यात सांगितलं.

"असलं जनावर मलाबी सोडवलं नसतं," अण्णा म्हणाले आणि पळी उचलली. "गुरुजी, गोत्राचं काय करायचं मग?"

"ज्याचं गोत्र माहीत नाही, त्याचं काश्यप लावतात. तुम्हाला तुमचं ठाऊक नव्हतं, तर इतकी वर्षं मी तुम्हालाही तेच लावतोय."

"आमाला आन् खेचराला एकच?"

"कश्यप ऋषींच्या बायकांपासूनच सगळे झाले असं पुराणं सांगतात. देव, दैत्य, साप, पाखरं, गुरं. सगळी त्यांचीच लेकरं."

अण्णांनी जरा विचार केला. "म्हंजे भावकीच की." पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तरीच पोरगं त्याच्याशी बोलायचं."

गुरुजींनी दर्भ नीट केला. "बरं. नावं किती घ्यायची आज?"

अण्णा म्हणाले, "दोन."

"ठीक. आधी संपत. परकं सगळं शेवटी येतं."

अण्णांनी पळी धरलेला हात तसाच ठेवून मला विचारलं, "तुमच्यात काय नियम व्हता रं, पाण्याचा?"

"आधी जनावराला."

"मग तसंच घ्या, गुरुजी."

"अहो अण्णा, क्रम असतो."

"संपत थांबंल," अण्णा म्हणाले. "त्याला सवय हाय."

गुरुजींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणायला सुरुवात केली. काश्यप गोत्र, चारशे बासष्ट. अंगठ्याच्या बाजूने तिळाचं पाणी ताम्हनात पडलं. तीन वेळा. मग काश्यप गोत्र, संपत. तीन वेळा. मी दाराशी उभा होतो. पाय आपोआप जुळले होते, सावधानमध्ये. पाणी झाल्याशिवाय हललो नाही.