सरूच्या मोळीची गाठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवासमोरसुद्धा मोघमच बोलले. तुम्हाला सांगतेय — तरी मनात येतंच, तुम्ही एवढे कान देऊन ऐकताय ते कशासाठी? जाऊ द्या. माझा स्वभावच तसा. कुणी गोड बोललं की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, मागे उभं राहून कोण हसतंय ते बघते.

आमचं गाव लिंबागणेशच्या अलीकडे. दिवाळी सरली की आम्ही ऊस तोडायला माजलगावकडे जायचो — मी, माझा नवरा, धाकटा दीर आणि त्याची बायको सरू. गडी ऊस तोडायचे. मी उसाच्या वाढ्याची, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं पिळून मोळ्या बांधायची आणि सरू त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. वाहणारीचा सगळा भरवसा बांधणारीच्या गाठीवर असतो. आमची ही वाटणी न बोलताच ठरली होती.

सरू हसायची. थंडीत कुडकुडताना, भाकरी करपली तरी. मला ते बघवायचं नाही. राहायला पाचटाची कोपी तीच, कोयता तोच — मग हिलाच कुठून सापडतो हा आनंद? मला वाटायचं, काहीतरी लपवतेय. नाहीतर मलाच हसतेय.

एकदा सगळ्या बायांसमोर ती म्हणाली, "आमच्या अक्काची मोळी लई पक्की. कारखान्यात गेली तरी सुटायची न्हाई." बाया हसल्या. माझ्या कामाला कुणी चांगलं म्हटल्याचं ते पहिलंच — आणि मला तो टोमणाच वाटला. अंगाचा तिळपापड झाला. माझ्यात असं होतं काय, की कुणी ते मनापासून म्हणावं?

दुसऱ्या दिवशी — कसं सांगू — मी तिची एक मोळी सैल बांधली. दिसायला गाठ, पण पानांना पीळ घातलाच नाही. मोळी सुटेल, ऊस पसरेल, बाया आता तिला हसतील, एवढंच मनात होतं. खरंच एवढंच होतं का? तिला फळीवर चढताना मी पाहिलं. हाक मारायला वेळ होता. मारली नाही.

मोळी वर गेल्यावर सुटली. ऊस घसरला, तिच्यासकट. तिचं खुब्याचं हाड मोडलं.

लोक म्हणाले, हसण्याच्या नादात पाय चुकला असेल. कुणीतरी गाठीचंही नाव काढलं, तेव्हा सरूच कण्हत म्हणाली, "अक्काची गाठ न्हाई सुटायची. माजंच पाऊल चुकलं आसंल." मी तिच्या उशाशी बसले होते. मी मान हलवून होय म्हणाले.

ती पुन्हा ऊसतोडीला फडावर आली नाही. लंगडते. शेळ्या राखते. आणि हसते — स्वतःच्या चालीलासुद्धा. "हसतील त्यांचे दात दिसतील," म्हणते. तिला ठाऊक असेल का? चोराच्या मनात चांदणं — इतकी वर्षं मी तिच्या हसण्यात खोच शोधतेय. कधीच सापडली नाही. पडली ती, आणि कुणाच्या चांगल्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही तो मला.

परवा ती आपल्या नव्या सुनेला घेऊन आली. पोरगी यंदा पहिल्यांदा फडावर निघालीय. सरू तिला म्हणाली, "मोळी बांधायची ती अक्काकडून शिक. तिच्यावानी गाठ कुनाची न्हाई."

मी गोठ्यापुढचा ओला मका घेतला, पानं पिळली, गाठ मारून दाखवली. सुनेनं जोर लावून ओढलं. गाठ हलली नाही.

"बघ," सरू म्हणाली आणि हसली.

मीही हसले. अशी गाठ मला तेव्हाही बांधता येत होती.