काकींच्या कोंबड्याची जात

मी आयुष्यात कधी कोंबडी पाळलेली नाही. तरी गेली काही वर्षं माझं पोट कोंबड्यांवर चालतं, म्हणजे त्यांच्या माहितीवर. मराठीतल्या एका ऑनलाइन संदर्भकोशासाठी कोंबड्यांच्या जातींची पानं तयार करायची, हे माझं काम. तुरा कसा, पायांचा रंग कोणता, अंडं केवढं, स्वभाव कसा, सगळं तपासून लिहायचं. करी रोडच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत खिडकीशी टेबल लावून मी असील आणि कडकनाथ यांची घराणी लावत बसते. नवरा डबा घेऊन निघताना विचारतो, "आज कोणाचं बारसं?"

इंटरनेटवर एकाने थाप मारली की पन्नास जण ती उतरवून घेतात. कडकनाथची अंडी काळी असतात, हे मी इतक्या ठिकाणी वाचलं की माझाच माझ्यावरचा विश्वास उडायला लागला. ती काळी नसतात, फिकट बदामी असतात. असीलच्या नावाखाली कोणी ब्रॉयलरचा फोटो चिकटवला की माझं डोकं फिरतं आणि त्या दिवशी घरात भांडी जरा मोठ्याने वाजतात. माझी पानं तपासणारे दादरचे एक निवृत्त पशुवैद्य आहेत. ते मला कोंबड्यांची फौजदार म्हणतात, आणि मला ते आवडतं.

अशा फौजदाराच्या दारात एका दुपारी समोरच्या काकी आल्या. काखेत कोंबडा होता.

या कोंबड्याची हकिकत साऱ्या मजल्याला ठाऊक होती. काकींच्या मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी गावच्या राखणदाराला नवस बोलला होता, की झील बरा होऊन घरी येऊ दे, गावठी कोंबडा देईन. मुलगा खडखडीत बरा झाला. मग गावाहून मोठ्या दिरांचा फोन आला, की हल्ली बाजारात गावठी म्हणून काहीही गळ्यात मारतात, तेव्हा कोंबडा घरी वाढवलेलाच हवा. काकींची भाची शिवडीला गोदामांच्या मागे राहते, तिच्या अंगणात कोंबड्या असतात. तिथून काकींनी पिशवीतून एक पिल्लू आणलं आणि गॅलरीच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाआड, वाढवलं.

वाढवता वाढवता व्हायचं ते झालं. तो संध्याकाळी मालिका लागली की काकींच्या मांडीवर येऊन बसायला लागला. त्याला काकींनी नावही ठेवलं होतं. ते मी इथे सांगत नाही, कारण ते त्यांच्या मोठ्या दिरांचं आहे. मोठ्या दिराला नावाने हाक मारायची त्यांच्याकडे पद्धत नाही. कोंबड्याला मात्र दिवसभर हाक मारता येते, वर दरडावताही येतं. "गप रव, सकाळधरनां नुसती बोंब," असं नाव घेऊन त्या ओरडायच्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर निराळंच समाधान असायचं. नवस फेडायची वेळ आली तशी मात्र त्यांचं जेवण कमी झालं. कोंबडा द्यायला त्यांचं मन घेत नव्हतं, आणि बोललेला नवस मोडायची छाती नव्हती.

"तू कोंबड्यांचा लिवतंस मा गो कॉम्पुटरार?" काकी म्हणाल्या. "ह्येची जात सांग बघूया. माका काय हो गावठी दिसणा नाय."

त्या काय मागत होत्या हे आमच्या मजल्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला मात्र फक्त जात दिसत होती. मी चष्मा लावला, तुरा पाहिला, पाय मोजले, पिसं उलटीपालटी करून बघितली. कोंबड्याने मला दोनदा टोचलं, तेही मी 'स्वभाव' म्हणून टिपून घेतलं. सगळ्या बाजूंनी फोटो काढून पशुवैद्यांना पाठवले. त्यांचं उत्तर आल्यावर मी गॅलरीत उभी राहून विजयी स्वरात जाहीर केलं, की काकी, काळजी सोडा, यात फार्मच्या कुठल्याही जातीची भेसळ दिसत नाही, कोंबडा अस्सल गावठी आहे.

"बरां झाला," काकी म्हणाल्या आणि त्याला उचलून आत गेल्या. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे टीव्ही लागला नाही.

"अभिनंदन," नवरा म्हणाला. "सही-शिक्क्यासकट फाशी दिलीस."

मला माझा इतका राग आला की मी जेवले नाही. पण आता करणार काय? खोटं लिहिणाऱ्यांना रोज शिव्या घालणारी मी, सकाळी उठून काकींना 'माझं चुकलं, हा फार्मचा वनराजा आहे' असं कुठल्या तोंडाने सांगणार होते?

दोन दिवसांनी काकींनी मला बोलावलं. फोनच्या स्पीकरवर मोठे दीर होते. त्यांना कॉम्प्युटरवालीच्या तोंडून खात्री हवी होती.

"बाय, कोंबडो गावठी असा मा? नक्की?"

काकी कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

"गावठी आहे काका," मी म्हणाले. "पण गावठी ही एक जात नव्हे. जी कोंबडी ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मोकळी वाढली, ती त्या गावची गावठी. कोकणातली वेगळी, घाटावरची वेगळी. मी तसंच लिहिलंय. हा शिवडीत जन्मला, करी रोडला वाढला. हा इथला गावठी. तुमच्या गावचा आहे असं मला म्हणता यायचं नाही."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

"म्हणजे भायलो, आमच्या गावचो नाय," दीर म्हणाले. "मगे ऱ्हवांदे. आमच्या राखणदाराक भायलो कोंबडो चलाचो नाय. मी देतंय माज्या खुराड्यातलो." आणि आपला एक कोंबडा गेल्याच्या दुःखात त्यांनी फोन ठेवला.

मला इतकं हलकं वाटलं की मी जमिनीवरच बसले आणि हसत सुटले. काकीही हसल्या. दिराचं नाव घेऊन कोंबड्याला म्हणाल्या, "वाचलंस रे मेल्या." मग हसता हसता थांबल्या.

"हो भायलो," त्या म्हणाल्या. "मगे माजो झील? तोय हंयच जल्मलो, परळाक."

त्यांनी कोंबड्याला मांडीवर ओढून घेतलं.

"भावजींका काय कळता," काकी म्हणाल्या. "राखणदारान माज्या झिलाक सांबाळल्यान, तेव्हा तू खयचो म्हणान इचारूक नाय."