पुरी तयारी

आमच्या गुरुजींना कुणी रस्त्यात नमस्कार केला, तर उलट नमस्कार करायच्या आधी ते विचारत, "तयार हाय का?" कशाला तयार, ते सांगत नसत. दळण घेऊन निघालेली बाई असो की कापसाच्या गाडीवर बसलेला माणूस, सगळ्यांना प्रश्न एकच. आमच्या मानवत गावात त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. बाकी सारं गाव त्यांना तयार गुरुजी म्हणायचं, अर्थात त्यांच्या पाठीमागं.

हायस्कुलात ते आम्हाला इंग्रजी शिकवत. 'प्रिपेअर' हा शब्द आला की धडा तिथंच मुक्काम ठोकायचा. "तयार करणे, एवढं तर कुनालाबी येतं," म्हणत ते बाह्या मागं सारत. मग रान पेरणीजोगं करणं आलं, वैद्यानं औषध बनवणं आलं, सणाचा स्वयंपाक आला. लढाईची असते ती सज्जता, पूजेची ती सिद्धता, आणि कलेक्टरसाहेब यायचे असले की होतो तो बंदोबस्त. प्रत्येक अर्थाला आपल्या घरातलं एकेक वाक्य द्यावं लागे. मी एकदा पुरणपोळीचं वाक्य दिलं, तर म्हणाले, "पुरन शिजलं, वाटलं. कनिक तिंबली का? मग कसली तयारी?" वर्ग हसला, मीही हसले. शेवटचा अर्थ मात्र ते हळू आवाजात सांगत. वाईट बातमी देण्याआधी माणसाचं मन तयार करणं. "हा समद्यात अवघड," म्हणत आणि पुस्तक मिटत.

या वेडाचं मूळ जुनं होतं. गुरुजी स्वतः उर्दूतून शिकले आणि निजामाचं राज्य असेतो उर्दूतूनच शिकवत आले. राज्य गेलं, शाळा मराठी झाली. घरात बोलायची मराठी त्यांची होतीच, पण फळ्यासमोर उभं राहून बोलायची मराठी कुठून आणावी? तपासणीला आलेल्या साहेबांनी 'प्रिपरेशन'ला मराठी शब्द विचारला, तेव्हा गुरुजींना 'इंतजाम'शिवाय काही सुचेना आणि साहेब पोरांदेखत हसले. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. "मला कुनी तयारच केलं न्हवतं," ते म्हणायचे, "माझ्या लेकरावर ती पाळी येऊ देनार न्हाई मी."

ते लेकरू म्हणजे सुमन, त्यांची एकुलती एक मुलगी. मॅट्रिकच्या वर्गात आम्ही दोघीच मुली, आणि एका बाकावर बसायचो. तिला शिक्षिका व्हायचं होतं. ओसरीवर शेजारची पोरं बसवून ती त्यांना बाराखडी घोकवायची, ते ऐकताना गुरुजींचा चेहरा खुलायचा. मॅट्रिकआधी शाळेची चाचणी असे आणि त्यात कच्ची ठरलेली मुलं मागं ठेवत. सुमन चाचणीत माझ्यापेक्षा वरचढ होती. तरी गुरुजींनी तिलाच थांबवलं, कारण काय, तर इंग्रजी निबंधात दोन-चार जागी अडखळली होती. "अजून एक साल थांब. पुरी तयारी करून बस, म्हंजे कुनी बोट दाखवनार न्हाई."

माझं इंग्रजी यथातथाच, पण मी दुसऱ्याची लेक. मला त्यांनी जाऊ दिलं. मी परीक्षेला निघाले त्या सकाळी सुमन परभणीच्या मोटारीपाशी आली आणि तिनं आपलं पेन माझ्या हातात दिलं. मला तिच्याकडं बघवेना.

उन्हाळ्यात पालमहून तिचे चुलते स्थळ घेऊन आले. मी तेव्हा त्यांच्या घरी काकूंना, म्हणजे सुमनच्या आईला, पापड लाटू लागत होते, त्यामुळं सगळं कानावर पडलं.

"पोरगी शिकायलीय अजून," गुरुजी म्हणाले.

"शिकायलीय कुठं, घरी तर बसलीय," चुलते म्हणाले. "परीक्षेजोगी असती तर तुमीच बसवली असती की, दादा."

एवढे शब्द गोळा केलेला माणूस, पण त्या वेळी एकही कामाला आला नाही. माणसं चांगली होती, शेतीवाडी होती, नाही म्हणायला दुसरं कारणच सापडेना.

लग्न मात्र त्यांनी असं केलं की कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. जानवसा, पंगत, पाणी, वऱ्हाडाच्या बैलांची वैरणसुद्धा. सुमनच्या पेटीत लुगड्यांखाली त्यांनी इंग्रजीची पुस्तकं घातली. तिचं मन तयार करायचं तेवढं त्यांच्याच्यानं झालं नाही. ते काकूंनी केलं, स्वतः रडत रडत.

मी काठावर पास झाले आणि आमच्याच शाळेत खालच्या वर्गांना शिकवू लागले. ती जागा सुमनची होती असं तेव्हा वाटायचं आणि अजूनही वाटतं.

नागपंचमीला ती माहेरी आली. मी भेटायला गेले, तर ओसरीवर ती भाजी निवडत होती आणि गुरुजी समोर बसून तिला समजावत होते. "सुमे, बाहेरून बसता येतं परीक्षेला. मी तिथं येऊन तुजी तयारी करून घेतो. सासऱ्यांशी मी बोलतो."

"आता न्हाई जमायचं, दादा. रान हाय, गुरं हायत." ती खाली बघून देठं मोडत राहिली. मग तशीच म्हणाली, "आनि तयारी कशाची करून घेता? मी तवाच तयार होते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. गुरुजी पाणी प्यायला म्हणून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दिवाळीनंतर शेजारी गुरुजींच्या वर्गात तो शब्द आला. मधे नुसत्या बांबूच्या तट्ट्या होत्या, पलीकडचं सगळं ऐकू यायचं. एका पोरानं 'प्रिपेअर'चा अर्थ विचारला, तशी मी माझ्या मुलांना गप्प बसवलं. ते सगळं पुन्हा ऐकायचं होतं मला.

"तयार करणे," गुरुजी म्हणाले. "पुढं वाच."

"गुरुजी, माजा भाऊ म्हनला, लय अर्थ हायत त्याचे."

"हायत. पन त्यात वेळ जातो. वाच तू."

त्या वर्षी चाचणीत काठावरच्या एकालाही त्यांनी मागं ठेवलं नाही. परीक्षेच्या सकाळी आम्ही दोघं मुलांना मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. वर्गातली एकुलती एक मुलगी पायरीशीच थबकली आणि रडवेली होऊन म्हणाली, "गुरुजी, माजी तयारीच झाली न्हाई."

गुरुजींनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आत सीटवर ठेवली.

"मोटार सुटायलीय," ते म्हणाले. "तू बस."