निफाडच्या थंडीतला भूर्ज

मी भूर्जावर संशोधन करते असं सांगितलं की नाशिकात हमखास विचारतात, "मग एखादं भोजपत्र मिळेल का हो, पूजेला?" पंचवटीत पूजासाहित्याच्या दुकानांत त्या झाडाची साल मिळते. झाड मात्र विचारणाऱ्यांपैकी कुणी पाहिलेलं नसतं. ते हिमालयात, बाकीची झाडं हात टेकतात त्या उंचीवर वाढतं. मी ते पाहिलंय, हात लावून पाहिलंय, आणि आमच्या कॉलेजात ते माझ्याइतकं कुणाला कळत नाही असं माझं स्वच्छ मत आहे.

भूर्ज हिवाळ्यात पानं टाकून झोपतो. पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय त्याचे डोळे, म्हणजे काडीवरच्या कळ्या, फुटत नाहीत. डोंगरातली थंडी कमी होत चालली, तर त्याचं कितीवर भागेल? एवढंच मला शोधायचं होतं. त्यासाठी मी बियांपासून रोपं वाढवली आणि माहेरी, निफाडला नेली. निम्म्या कुंड्या शेजारच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एका कोपऱ्यात ठेवल्या, त्यांना पूर्ण हिवाळा मिळावा म्हणून. उरलेल्या आमच्या अंगणात, डोंगराहून कमी थंडीत.

निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिचा असा अभिमान की जणू ती तेच पाडतात.

"त्या फ्रीजची काय गरज? आपल्या अंगणातली आधी फुटतील, बघ तू," ते म्हणाले.

हिवाळा सरल्यावर आतल्या कुंड्या बाहेर काढल्या, आणि थोड्याच दिवसांत त्या हिरव्या झाल्या. अंगणातल्या मात्र ढिम्म. मी नाशिकला शिकवायला जायची, निफाडला फक्त रविवारी यायची. एका सकाळी नानांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"पोरी, फुटली! तुझी समदी झाडं फुटली!"

सुट्टी टाकून मी धावले. अंगणातली रोपं खरंच फुटली होती, एकसारखी, देखणी. मी वाकून पाहिलं. प्रत्येक डोळ्याच्या बुडाशी लाल डाग होता.

द्राक्षबागेत फळासाठीची गोडी छाटणी झाली की डोळे एकदम फुटावेत म्हणून काडीला पेस्ट चोपडतात. कुठली काडी झाली ते कळावं म्हणून त्यात लाल रंग कालवतात. नानांकडे छाटणीतली पेस्ट उरली होती. त्यांनी हातमोजे घालून, एकेक डोळा धरून, माझ्या भूर्जांना ती लावली होती.

"डोळे अडकले व्हते," ते म्हणाले. "तू रोज बघायला नव्हतीस. म्हटलं, पोरीचं नुकसान नको."

मी नको नको ते बोलले. डोळे वर्षातून एकदाच फुटतात, माझा अख्खा हिवाळा पाण्यात गेला होता. नाना गोंधळून ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "मग तुला ती फुटायला नको व्हती का?"

"आपली आपण फुटतात का, ते बघायचं होतं! नसती फुटली तरी चाललं असतं!"

फुटलं नाही तरी चालतं, असं म्हणणारी बाई त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नसणार. ते उठून बागेत गेले.

पुढच्या हिवाळ्यात मी सगळं पहिल्यापासून मांडलं, नवी रोपं घेऊन, त्याच अंगणात. जागा बदल असं सहकाऱ्यांनी सुचवलं, पण मला माझे वडील माहीत होते. एकदा कळलं की ते राखण करणार. केलीही. शेळ्या हाकलल्या, नातवंडांना दम दिला, आईने कुंड्यांवर वाळत घातलेली साडी काढायला लावली. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून ते त्या उघड्या काड्यांसमोर बसायचे आणि हात लावायचे नाहीत. डोळा अडकलेला दिसतोय आणि गप्प बसायचं, हे त्यांना किती जड गेलं असेल ते मला आज कळतं.

कोल्ड स्टोरेजमधली रोपं फुटली. अंगणातली ऊन तापलं तरी फुटली नाहीत. मी नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. झाड जिवंत होतं, पण जागं होत नव्हतं. निकाल इतका स्वच्छ होता की मी खूश झाले. असा निकाल सगळ्यांच्या नशिबी नसतो.

"म्हंजे आपली थंडी पुरली नाय," नाना म्हणाले.

"नाही पुरली."

"आन् तिकडं डोंगरात एवढीच थंडी ऱ्हायली तर?"

"तर हेच होईल."

ते कुंडीपाशी उकिडवे बसले.

"आपल्या बागेला मी हाय," ते म्हणाले. "तिकडं एवढ्या डोंगराला पेस्ट कोण लावील गं?"

"कुणी नाही, नाना," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.