नकाशातली रिकामी जागा

मयुरी ताकसांडेनं समुद्र एकदाच पाहिला होता, तोही कॉलेजच्या सहलीत. तरी समुद्रापासून शेकडो मैल दूर, बोरगाव मेघेतल्या भाड्याच्या खोलीत बसून ती दिवसभर समुद्राचंच काम करायची. मुंबईची एक कंपनी किनारपट्टीच्या गावांसाठी वेबसाइट बनवत होती. समुद्र चढला, वादळ आलं, तर कोणती घरं पाण्यात जातील, ते तिथं नकाशावर लाल रंगात दिसायचं. बंधारा कुठं घालायचा, निवारा कुठं बांधायचा, हे सरकारी लोक त्यावरून ठरवणार होते. उपग्रहाची चित्रं, जमिनीची उंची, भरतीच्या नोंदी असं सगळं एकावर एक बसवणं हे मयुरीचं काम.

एके दिवशी कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावाचा नकाशा तिच्याकडे आला. खाडीच्या तोंडाशी 'रिकामी जमीन' लिहिलेलं. उपग्रहाच्या चित्रात मात्र तिथं पत्र्यांची दाटी होती, वाळत घातलेली जाळी होती, ओढून ठेवलेल्या होड्या होत्या. गणितात ही घरं धरलीच नव्हती, म्हणून वस्ती लाल होत नव्हती. शिवाय बंधारा आखला होता तो शेजारच्या हॉटेलपुढे. तिथं अडलेलं पाणी वळून सरळ वस्तीत शिरणार होतं.

तिनं कंपनीतल्या राकेश सरांना फोन लावला.

"सर, इथं माणसं राहतात."

"त्यांची सरकारी नोंद नाही. डेटात घर नाही, म्हणजे आपल्यासाठी ते घर नाही."

"आणि पाण्याला हे कोण सांगणार?"

"नकाशा मंजूर झालाय, मयुरी. तू फक्त रंग भर."

फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. हे बोलणं तिनं आधीही ऐकलं होतं. ती सातवीत असताना हिंगणघाटला वणा नदीचं पाणी त्यांच्या घरात छातीएवढं चढलं होतं. पंचनाम्याला आलेला माणूस त्यांच्याच दारातल्या चिखलात उभा राहून म्हणाला होता, ही नाल्याची जागा आहे, इथं वस्ती नाही.

"काऊन वं, रडून राह्यली का?" आई कांताबाईनं विचारलं.

"रडत नाई. चीड येऊन राह्यली."

सगळं ऐकून कांताबाई म्हणाली, "आपल्याले तवा कोणी विचारलं नाई. तू त्याईले विचार तरी."

खाडीकाठच्या त्या गावच्या शाळेत फोन करून मयुरीनं शोभाबाईचा नंबर मिळवला. शोभाबाई मासळी विकायची आणि वस्तीतला बचत गट चालवायची.

"रिकामी जमीन?" शोभाबाईनं विचारलं. "माझी सासू इथं बाळंत झाली, मी झाले. कोण म्हणतो रिकामी?"

मंजूर नकाशावरही लोकांना हरकत घेता यावी म्हणून वेबसाइटवर जागा होती. मुदत संपत आली होती आणि ज्यांच्या घरात पाणी शिरायचं, त्यांनाच पत्ता नव्हता. शोभाबाईनं बायका गोळा केल्या. प्रत्येकीनं आपल्या दारात उभं राहून फोनवरून घराचं ठिकाण आणि फोटो टाकला. मयुरीनंही नावानिशी हरकत घेतली. कंपनीच्याच गणितात ही घरं घातली तर काय दिसतं, ते चित्र तिनं जोडलं. अख्खी वस्ती लालभडक झाली होती.

राकेश सरांनी तिला कामावरून काढलं. "कंपनीत राहून कंपनीविरुद्ध?"

"सर, पाण्यात जाणारी घरं शोधायलाच तुम्ही मला ठेवलं होतं. सापडली, ती सांगितली."

पुढे वस्ती नकाशावर आली. बंधारा रद्द झाला नाही, 'फेरविचारासाठी' ठेवला गेला. कंपनीनं मात्र 'लोकसहभागातून सुधारलेला नकाशा' म्हणून जाहीरपणे स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्यात ना वस्तीचं नाव, ना चुकीची कबुली. ते वाचून मयुरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता ती जवळच्याच सावंगीत एका दुकानात कॉम्प्युटरचं काम करते. सुट्टीच्या दिवशी हिंगणघाटला नदीकाठी जाते आणि तिथली घरं एकेक करून नकाशावर चढवते. परवा तिथल्या चंद्रभान काकांनी विचारलं, "पोरी, हे टाकून काही होईन का?"

"होईनच असं नाई, काका. पन आमाले माहीत नव्हतं, असं म्हनायची सोय राहनार नाई त्याईले."

काकांनी मान डोलावली. "मंग माहा गोठाबी टाक."