आमच्या जावयांच्या किमान आवश्यकता

ब्रह्मदेवानं आमच्या जावयांचा सल्ला घेतला असता, तर पृथ्वी अजून झालीच नसती. तिला काय काय लागेल, त्याचं पान तेवढं तयार असतं. माझी लेक आमच्या अंथुर्ण्याच्या शाळेत मास्तरीण, म्हणून बारामतीचे हे गृहस्थ लग्नानंतर माझ्याच घरात राहायला आले. गावानं लगेच घरजावई म्हणून शिक्का मारला. घरात बसून संगणकावर काम करतात. मला वाटलं, वेबसाइटी बांधत असतील. तर नाही! वेबसाइट बांधायला एक तयार सांगाडा मिळतो म्हणे. तो बसवण्याआधी सर्वरवर किमान काय हवं आणि शिफारस कशाची, एवढंच हे लिहितात. म्हणजे जेवणावळ दुसऱ्याची, आणि पगार ‘हात धुऊन बसा’ सांगण्याचा.

ही खोड घरभर पसरली. माझ्या मोटरीच्या पेटीवर त्यांनी कागद चिकटवला: वीज आहे का? विहिरीत पाणी आहे का? मी म्हणालो, “पाव्हणं, पाणी नसताना मोटर कोण चालू करंल?” तर म्हणतात, “लिहिलेलं नसेल तर कुणीही करेल, मामा.” पुतण्यासाठी शेळगावला मुलगी बघायला गेलो. मुलीच्या वडलांनी नम्रपणे विचारलं, “तुमच्या अपेक्षा काय?” आम्ही तोंड उघडायच्या आत जावई म्हणाले, “किमान सांगू, की शिफारस केलेल्या?” त्या भल्या माणसानं हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. सोयरीक तिथंच राहिली.

त्यांचं सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे ऑपकोड कॅश. माणसानं लिहिलेला प्रोग्राम सर्वरला थेट कळत नाही, दरवेळी त्याला तो आपल्या भाषेत करून घ्यावा लागतो. तेच एकदा करून आठवणीत ठेवलं, की काम झटक्यात होतं. हे मला त्यांनी चहा गार होईपर्यंत समजावलं. मी म्हणालो, “एकदा डोक्यात बसलं की पुन्ना विचारायचं न्हाय, हे आमच्या अख्ख्या गावाला जमतंय. त्याला सर्वर कशाला?”

तर गावात मान मिळावा म्हणून जावयांनी पाणी संस्थेला फुकटात एक पान करून दिलं. कालव्यातून चारीला येणाऱ्या पाण्याची पाळी आज कुणाची, ते मोबाइलवर दिसायचं. लोक खूश. ‘घरजावई’चे ‘इंजिनेरसाहेब’ व्हायला लागले होते. मग कालव्याला पाणी सुटलं तेव्हा एका आवर्तनात पाळ्यांचा क्रम बदलला. जावयांनी प्रोग्राममध्ये नवा क्रम लिहिला, पण कॅश रिकामी करायची राहिली. सर्वर आपला जुनाच क्रम दाखवत बसला. ‘बदल केल्यावर कॅश रिकामी करा’ हे वाक्य ह्याच गृहस्थांनी साऱ्या जगासाठी लिहिलेलं!

शेजारच्या रानातले तात्या मोबाइल बघून निवांत घरी राहिले, आणि त्यांची पाळी वाहून गेली. उसाची नवी लागण वाळायला लागली. तात्या आमच्या अंगणात येऊन गरजले, “घरजावयाच्या नादाला लागलो आन् रान वाळवून बसलो!”

आमच्याकडं अशा वेळी लाइटीवर ढकलायची रीत आहे. नाहीतर सरकार आहेच. जावई मात्र पायरीवरून उतरून म्हणाले, “तात्या, चूक माझी आहे. मी विसरलो.” तात्यांची पंचाईत झाली. समोरचा नाही म्हणेल, या हिशेबानं ते भांडण घेऊन आले होते. दोन शिव्या देऊन गेले.

जावई आत जाऊन बॅग भरायला लागले. “मामा, आम्ही बारामतीला जातो. इथं तोंड दाखवायला जागा राहिली नाही.” लेक दाराला टेकून उभी.

मी म्हणालो, “जावा की. पर उद्याच्याला आपली पाळी हाय. ती तात्याला द्या, पाणी सोता फिरवा, आन् मग जावा.”

“आणि आपला ऊस, मामा?”

“आपला ऊस माझ्यावानी हाय. हटून उभा ऱ्हातोय.”

दुसऱ्या दिवशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हे तात्यांच्या रानात खोरं घेऊन उतरले. सरीत पाणी सोडायचं बारं फोडायचं कुठं आणि बांधायचं कुठं, कळेना. शेवटी तात्याच ओरडले, “आरं, तितं न्हाय, हितं मार!” अहो-जाहो कधी गळालं, ते दोघांनाही कळलं नाही. घरी आले ते चिखलानं माखून. बॅगेचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही.

आता पाळी कुणाचीही असो, जावई चारीवर जाऊन पान आणि पाणी ताडून बघतात. मी ओट्यावर बसून असतो. नजर अधू झालीय. लांब बांधावरून खांद्यावर खोरं टाकून कुणीतरी चालत येतं, तेव्हा जवळ येईपर्यंत मला ते ओळखू येत नाहीत. गावातलाच कुणीतरी वाटतो.